बाईंचे अणू

मुली त्यांना पाठीमागे ‘तिखटबाई’ म्हणायच्या आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. उंची बेताची, अंगकाठी किरकोळ, पण आवाज असा की त्या वरच्या मजल्यावर शिकवायला लागल्या की खाली दाराशी बसलेला शिपाई आल्यागेल्याला सांगायचा, “आज सोडियम चाललाय.” रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं याच शाळेत गेली होती. आधी आया शिकून गेल्या, आता त्यांच्या लेकी बाकांवर होत्या.

अशा बाईंचे डोळे हळूहळू मिटत चालले होते.

एकदम नव्हे. आधी कडा गेल्या. शेजारून कोणी आलं तर दिसायचं नाही, मग पायाशी ठेवलेली बादली दिसेना. शेवटी नळीतून पाहावं तसा समोरचा एवढासा गोल तुकडा उरला आणि तोही धुरकट व्हायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, औषध मात्र सांगितलं नाही. बाईंनी ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. नवरा दवाखान्यात औषधं द्यायचा. तो म्हणाला, “शाळेत सांगून टाक.” बाई म्हणाल्या, “सांगते,” आणि सांगितलं नाही.

तसं त्यांचं अडतही नव्हतं. जिना पायांना पाठ, वर्ग पाठ, मुली आवाजावरून पाठ. आणि भिंतीवरची आवर्तसारणी? ती तर त्यांना झोपेत उठवून विचारली असती तरी छडी बरोबर जागेवर पडली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं चाललं होतं.

मूठ उघडली ती रंगकामामुळे. सुट्टीच्या आधी वर्गाच्या भिंती रंगवल्या, आणि तक्ते पुन्हा लावणाऱ्याने आवर्तसारणीच्या खिळ्यावर जगाचा नकाशा टांगला. बाई आल्या, छडी उचलली आणि सुरू झाल्या.

“हा बघा सोडियम. या रांगेतला पहिला. इथून उजवीकडे सरकत चला. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन... इलेक्ट्रॉन एकेक करून वाढतोय, आणि अणू? मोठा होतोय की लहान?”

वर्ग चिडीचूप. बाईंना नवल वाटलं. एरवी निदान कुजबुज तरी असायची. मग मागच्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या तोंडाला कधी टाळा नसायचा म्हणून बाईंनीच तिचं नाव ‘वटवट’ ठेवलं होतं. आज मात्र ती एकेक शब्द मोजून बोलली.

“बाई, तुमची छडी समुद्रात आहे.”

“काय?”

“भिंतीवर नकाशा आहे, बाई. तुम्ही सोडियम म्हणालात ना, तिथे समुद्र आहे.”

कोणी हसलं नाही. तेच बाईंना जास्त लागलं. त्यांनी छडी खाली केली, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, “मग बरोबरच आहे की. सोडियम मिठात असतो. समुद्रात नाही सापडणार तर कुठे सापडणार?”

वर्ग खो खो हसला. तास निभावला. बाई ताठ मानेने जिना उतरल्या, शिक्षकांच्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि पुढच्या तासाची घंटा झाली तरी उठल्या नाहीत.

मुख्याध्यापकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. भाषेचा शिक्षक, बोलणं मऊ. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

“बाई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच बोलतो. ग्रंथालय तुम्ही सांभाळा. पगार तोच, मान तोच.”

“ग्रंथालयात मी काय करू, सर? पुस्तकांचे वास घेऊ?”

मुख्याध्यापक ओशाळले. पण हटले नाहीत. “फळा दिसत नाही, तक्ता दिसत नाही. अशानं रसायनशास्त्र कसं शिकवणार, तुम्हीच सांगा.”

बाई पदर सावरून उठल्या, दाराकडे वळल्या. 

“सुट्टी संपल्यावर एक तास घेऊन दाखवा,” मुख्याध्यापकांनी त्यांना थांबवलं. “पटलं तर पुढचं बघू. नवीन शिक्षिकाही तोवर येतील; नाही पटलं तर वर्ग त्या घेतील.”

सुट्टीत नवरा दवाखान्यात गेला की बाई घरात एकट्या पडायच्या. भिंती खायला उठायच्या. म्हणून नवरा त्यांना सकाळी धाकट्या दिराच्या कारखान्यात सोडायला लागला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. दीर लाकूड कातायचा. चरकावर, म्हणजे लाकडाच्या लेथवर, ओंडका फिरायचा, पटाशी टेकली की भुसा उडायचा, आणि त्यातून खाटांचे पाय, कठड्यांचे दांडे, कपाटांच्या मुठी निघायच्या. हात सोन्याचे, पण वेळेच्या नावाने शंख. ‘उद्या देतो’ हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

“वहिनी, बसल्या बसल्या एवढ्या मुठी घासून द्या,” त्याने एक टोपली पुढ्यात ठेवली. काम गरजेचं नव्हतं. वहिनीचा चेहरा बघवत नव्हता, एवढंच.

बाई पॉलिश पेपरने घासत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “भाऊजी, या टोपलीत दोन मापांचा माल मिसळलाय.”

“छे! एकाच मापाच्या आहेत सगळ्या.”

“या बघा, ही आणि ही.”

दिराने हसत हसत जाडी मोजायचा कॅलिपर लावला. हसू मावळलं. फरक केसाएवढा, पण होता. “च्या...” पुढचं अक्षर त्याने वहिनीसमोर गिळलं. “तुम्हाला कसं कळलं?”

 बाईंनी एक मूठ उजव्या हातात धरली होती आणि एक डाव्या, आणि बोटं त्यांच्यावरून फिरत होती. पुन्हा पुन्हा. मग त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा आवाज जुना झाला होता, वरच्या मजल्यावरचा.

“भाऊजी, मला गोळे करून द्याल?”

“देईन की. किती?”

“जगात जेवढी मूलद्रव्यं आहेत तेवढे. प्रत्येकाचं माप वेगळं.”

“उद्या देतो,” दीर सवयीने म्हणाला, आणि मग त्याला कळलं की आपण काय कबूल करून बसलो.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याने पुस्तकातून अणूंची मापं वाचून दाखवायची, बाईंनी ती तोंडी वाढवून हाताच्या मापात आणायची, असं ठरलं. हायड्रोजन मोठ्या वाटाण्याएवढा निघाला, तर सीझियम मोठ्या संत्र्याएवढा. पण दिराला कुठला धीर! मापं हातात यायच्या आत त्याने एक रांग आपल्या मनानेच कातून टाकली. लिथियमपासून फ्लोरिनपर्यंत, ऐटीत मांडून ठेवली. बाईंनी हात फिरवला आणि त्या हसत सुटल्या.

“उलटी केलीत की सगळी! फ्लोरिन लिथियमपेक्षा मोठा केलात.”

“मग? तुम्हीच म्हणालात, लिथियमकडे इलेक्ट्रॉन तीन, फ्लोरिनकडे नऊ. खाणारी तोंडं वाढली, पोट सुटणारच. माझंच बघा.”

“तुमच्या पोटाचं कारण निराळं आहे. ऐका. इलेक्ट्रॉन वाढले तसे केंद्रातले प्रोटॉनही वाढले ना? म्हणजे ओढ वाढली. आणि नवे इलेक्ट्रॉन येतात ते त्याच कवचात, एकमेकांच्या शेजारी. शेजारी बसलेला आडोसा फारसा देत नाही. मग केंद्र सगळ्यांनाच आणखी आत ओढून घेतं.”

दिराने चरक बंद केला. “म्हणजे घरात माणसं वाढली आणि घर आक्रसलं?”

“घरातली आई कडक असली की होतं तसं.”

“आमची होती,” दीर म्हणाला. “पटलं. आणि खालच्या रांगेत?”

“खाली उतरलं की नवं कवच सुरू. ते आधीच्या सगळ्यांच्या बाहेर. आतले केंद्राला झाकतात, बाहेरच्याला ओढ कमी लागते, अणू फुगतो.”

“मग तिथे सुटतं पोट!”

“तिथे सुटतं. आणि पुन्हा उजवीकडे सरकलात की पुन्हा आक्रसत जातं.”

त्या दिवसापासून दीर कामाला जो भिडला, तो खाटांची गिऱ्हाइकं दारात ताटकळत राहिली. निष्क्रिय वायूंपाशी त्याचं आणि बाईंचं पुन्हा वाजलं. अणूचं माप घ्यायचं म्हणजे जोडीने बांधलेल्या दोन अणूंच्या केंद्रांमधलं अंतर निम्मं करायचं. हे निऑन-आरगॉन तर कोणाशी जोडले जायला सहसा तयार नाहीत, मग त्यांचं माप अंदाजाचं. “अंदाजाचं आहे हे बोटांना कळायला हवं,” असं म्हणून बाईंनी त्या रकान्यातले गोळे खडबडीत ठेवायला लावले. दिराच्या जिवावर आलं. बिनपॉलिशचा माल हातावेगळा करणं म्हणजे त्याला बिनबटणाचा सदरा घालून लग्नाला जाण्यासारखं होतं. पण वहिनीपुढे कोणाचं चालणार? शेवटच्या रांगेत तर काही मूलद्रव्यं अशी होती की ज्यांचं माप कोणी नीट घेतलेलंच नाही. गोळे बसवायला दिराने फळ्यांवर खळगे कोरले होते, त्यांतले यांचे खळगे बाईंनी रिकामेच ठेवले. “माहीत नाही, हेही शिकवायचं असतं,” त्या म्हणाल्या.

अर्ध्याहून जास्त गोळे झाले आणि हवा तापली. एका सकाळी बाईंनी पोटॅशियम उचलला आणि त्यांचा हात तसाच थांबला.

“भाऊजी, हा अंड्यासारखा लागतोय.”

दीर धावत आला. एकेक गोळा उचलून पाहिला. कोणी लांबट झालेला, कोणी चपटा. सोडियमला तर आरपार चीर गेली होती. लाकूड पुरतं सुकलेलं नव्हतं. घाईघाईत त्याने हाताला आलं ते वापरलं होतं आणि उन्हाने त्याचा हिशेब चुकता केला होता.

दीर डोकं धरून बसला. बाई चिरलेल्या सोडियमवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “राहू दे भाऊजी. तुम्ही खूप केलंत. मी ग्रंथालय घेते.”

हे शब्द शेडच्या दारात उभ्या असलेल्या जावेने ऐकले. ती चहा घेऊन आली होती. चहा तिने धाडकन खाली ठेवला.

“माळ्यावर सागवान आहे ना?” ती नवऱ्याला म्हणाली.

“ते तुझ्या जेवणाच्या टेबलाचं आहे.”

“किती वर्षं ‘उद्या करतो’ म्हणताय, लाकूड सुकून खडखडीत झालं असेल! ते काढा.”

“अगं, पण टेबल...”

“टेबलावर बसून जेवलं म्हणून कोणाचं पोट जास्त भरत नाही. काढा म्हणते ना! आणि ताई, तुम्ही हो काय? आम्हाला शहाणपणा शिकवणाऱ्या तुम्ही, एका फुटक्या सोडियमपुढे हात टेकता?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिसायचं बंद झालं तरी डोळ्यांचं तेवढं एक काम शाबूत होतं. पण त्या हसतही होत्या. “दुसरा कप भरून आण,” त्या म्हणाल्या, “हा सांडलास तू.”

सागवान उतरलं. दीर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर काम करायला लागला, आणि जाऊबाई पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसली. संध्याकाळी नवराही येऊन घासायला लागायचा. एक गोळा मात्र दिराने हातात घेऊन पुन्हा पुन्हा मोजला आणि वैतागून म्हणाला, “वहिनी, दादाने माप चुकीचं वाचलं. हा हाफ्नियम झिर्कोनियमच्या बरोब्बर खाली आहे. खाली गेलं की मोठा, असं तुम्हीच शिकवलंत. मग दोघे सारखे कसे?”

बाईंचा चेहरा उजळला. “दादा चुकले नाहीत. त्या दोघांच्या मध्ये चौदा-पंधरा जणांची एक सबंध पलटण येऊन जाते, ती आपण खाली वेगळ्या फळीवर बसवली आहे. त्यांचे नवे इलेक्ट्रॉन खूप आत जाऊन बसतात आणि तरी झाकायचं काम धड करत नाहीत. केंद्राची ओढ वाढत जाते, अणू आक्रसत येतो. नव्या कवचाने जेवढं फुगायचं, तेवढंच या आक्रसण्याने गेलं. फिट्टंफाट!”

दिराने दोन्ही गोळे तळव्यांवर तोलले. “लबाड आहेत लेकाचे,” तो कौतुकाने म्हणाला.

सुट्टी संपली. ठरलेल्या दिवशी हातगाडीवरून फळ्या शाळेत आल्या आणि वरच्या मजल्यावर बाकं जोडून त्यांवर मांडल्या गेल्या. प्रत्येक गोळा आपापल्या खळग्यात, काठावर कोरलेली चिन्हं, सागवानाचा वास वर्गभर. मुख्याध्यापक आले. त्यांच्यामागे नवीन शिक्षिका, हातात वही घेऊन. तरुण होती, हुशार म्हणून नाव होतं, आणि जरा अवघडलेली होती.

“सगळ्यांनी डोळे मिटा,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. सर, तुम्हीसुद्धा.”

मुली फिसफिसल्या. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

“या, सर. हात द्या. हा लिथियम. आता उजवीकडे चला. सावकाश. काय लागतंय?”

मुख्याध्यापकांचं बोट एकेका गोळ्यावरून चढलं, उतरलं. “लहान होतोय,” ते म्हणाले. “आणखी लहान. बाई, हे उतरतच चाललंय!”

“उतरणारच. कोण ओढतंय आत? मुलींनो?”

“केंद्र!” वर्ग ओरडला.

“शेवटून दुसरा, हा एवढासा फ्लोरिन. मूर्ती लहान पण कीर्ती मोठी. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्राच्या इतका जवळ, की दुसऱ्याचाही हिसकावून घेईल. आणि इकडे या, डावीकडे खाली. हा सीझियम. एवढा ऐसपैस. याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून इतका लांब, की कोणीही यावं आणि घेऊन जावं. घरात लक्षच नाही.”

एकेक मुलगी पुढे आली, डोळे मिटून हात फिरवून गेली. आणि एक गंमत झाली. मुख्याध्यापक बाजूला होईनात. ते आपले डोळे मिटूनच तिसऱ्या रांगेवरून चौथ्या रांगेत गेले होते आणि मधल्या धातूंवरून बोटं फिरवत पुटपुटत होते, “इथे फारसा फरक नाही... इथे थोडासा...” एका मुलीने त्यांना धक्का दिला तेव्हा ते सरकले.

“बाई!” वटवट ओरडली. “इथे काहीतरी चुकलंय!”

वर्ग थबकला. नवीन शिक्षिकेने वहीतून मान वर काढली.

“काय चुकलंय?”

“वरचा आणि खालचा सारखाच लागतोय. खालचा मोठा हवा ना?” तिने डोळे उघडले, चिन्हं वाचली. “झिर्कोनियम आणि हाफ्नियम.”

बाई आवाजाच्या दिशेने वळल्या. ही मुलगी सहामाहीला रसायनशास्त्रात गटांगळ्या खाणारी. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तिने चूक शोधली नव्हती, तिने नियम समजून घेतला होता. इतका, की तो जिथे मोडल्यासारखा वाटला तिथे तिची बोटं अडली.

“चुकलं नाही, बाळा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज जरासा हलला. “पण एवढ्या सगळ्यांत ते तुला सापडलं. आता का सारखे, ते तूच शोधून काढ. ही वेगळी फळी आहे बघ खाली. हिच्यावरून हात फिरव. डावीकडून उजवीकडे.”

वटवटने हात फिरवला. ओठ हलत होते. मग एकदम म्हणाली, “हे सगळे मध्येच आक्रसून घेतात! म्हणून हाफ्नियमला मोठं व्हायला जागाच उरत नाही!”

टाळी कोणी आधी वाजवली कोण जाणे. शिपाई खालून वर धावत आला तेव्हा अख्खा वर्ग बाकांवर हात आपटत होता आणि मुख्याध्यापक त्यात सामील होते.

तास संपल्याची घंटा वाजून गेली होती, कोणी ऐकली नव्हती. नवीन शिक्षिका बाईंजवळ आली. “बाई, वर्ग तुमचाच राहू द्या,” ती म्हणाली. “प्रयोगाच्या वेळी आम्ल, ज्योत, बाटल्या असतात. तेव्हा मी उभी राहते शेजारी. माझे डोळे घ्या तुम्ही. मला बदल्यात हे असं शिकवायला शिकवा.”

“तुझा आवाज कसा आहे?” बाईंनी विचारलं.

“बारीक आहे.”

“वाढवू आपण.”

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. “ग्रंथालयासाठी मी दुसरं कोणीतरी बघतो,” ते म्हणाले. आणि दाराशी जाऊन परत वळले. “बाई, ते खालचे रिकामे खळगे कशाचे? मला राहून राहून तेच आठवणार आहेत.”

वटवट त्या वर्षी पास झाली, नुसती नव्हे, चांगली. दोघी बायकांनी मिळून शाळेची प्रयोगशाळा पुढे कितीतरी वर्षं चालवली. आणि गोळ्यांची बातमी फिरत फिरत गावाबाहेरच्या अंध मुलींच्या शाळेत पोचली. तिथल्या मुलींना रसायनशास्त्र शिकवतच नव्हते. तक्ता दिसणार कसा, हा तोच जुना प्रश्न. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि परवानगी मागितली नाही, तारीख सांगितली.

त्या मुली आल्या, एकमेकींचे खांदे धरून, जिना मोजत. त्यांतली सगळ्यात पुढची, दोन वेण्यांची, फळीशी उभी राहिली. बाईंनी तिचा हात लिथियमवर ठेवला आणि सोडून दिला. मुलगी रांगेवरून पुढे निघाली. गोळे लहान होत गेले, मग शेवटचा खडबडीत लागला आणि रांग संपली.

“आता खालच्या रांगेत ये,” बाई म्हणाल्या. “पुन्हा डावीकडून.”

मुलीचा हात चाचपडत खाली आला आणि सोडियमवर पडला. तिने तो पूर्ण मुठीत धरायला पाहिला, मुठीत मावेना. तिने दुसरा हात मदतीला घेतला.

“अगंबाई!” ती मोठ्यांदा हसली. “इथे तर पुन्हा मोठा झाला! म्हणजे हे सगळं फिरून फिरून तसंच येतं?”

“फिरून फिरून,” बाई म्हणाल्या. “शाब्बास! म्हणून तर तिला आवर्तसारणी म्हणायचं.”

मुलीने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली, “या गं लवकर, या, बघा!” आणि सगळ्या एकदमच फळीवर तुटून पडल्या.